सराट्याची पुरचुंडी

लघवीला आग व्हायला लागली की सालेकस्याकडच्या बाया 'उन्हाळी लागली' म्हणतात, आणि उन्हाळी लागली की धुरपताबाईकडे जातात. हे तिच्या सासूच्या काळापासून चालत आलेलं. दुखणं असं की घरच्या माणसाजवळही धड बोलता येत नाही. दवाखान्यात केसपेपर काढतानाच ते चार लोकांसमोर सांगावं लागतं. धुरपताबाईच्या अंगणात मात्र बाईनं नुसतं भिंतीला टेकून मान खाली घातली, तरी तिला कळायचं.

औषध अगदी साधं होतं. धानाच्या बांधीच्या धुऱ्यावर जमिनीला चिकटून पसरणारा सराटा, ज्याला शहरात गोखरू म्हणतात, त्याची काटेरी फळं आणि मुळं वाळवून कुटायची. त्यात सावलीत वाळवलेली पळसाची फुलं घालायची. उकळून, गाळून दिवसभर थोडं थोडं प्यायचं, आणि वरून पाणी, पोट डब्ब होईतो पाणी. सराटा उपटण्याआधी धुरपताबाई त्याच्या बुडाशी तांदळाचे चार दाणे टाकायची आणि "नेऊन राहिली बाप्पा, राग नोको धरू" म्हणायची.

पण पुरचुंडी हातात देण्याआधी तिचे तीन प्रश्न ठरलेले असत. थंडी वाजून ताप येते का? कमरेच्या वर, बरगडीखाली दुखते का? दिवस गेले हायेत का? यातल्या एकालाही 'हाव' आलं की पुरचुंडी परत शिंकाळ्यात. "हे माह्या हातचं नाई. दवाखान्यात जाय." सासूनं औषध शिकवायच्या आधी हे शिकवलं होतं. सासूनं एकदा न विचारता काढा दिला होता आणि ती बाई पाचव्या दिवशी गेली होती. म्हातारी मरेपर्यंत त्या बाईचं नाव घ्यायची.

रश्मी पहिल्यांदा आली ती दिवाळीनंतर, धानाची मळणी चालू असताना. गोंदियाच्या एका खाजगी शाळेत ती शिकवायची. चाळिशीची, नीटनेटकी, बोलण्यात निम्मी हिंदी. तिच्या शाळेतल्या एका शिपाईणीचं माहेर या गावचं, तिनं पत्ता दिला होता. रश्मीनं खाटेवर बसल्या बसल्या पर्समधून गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटांचा गठ्ठाच काढला.

"तीन साल झाले, मावशी. दर दोन-अडीच महिन्यांनी हेच. गोळ्या घेते, पाच दिवस बरं वाटते, पोट बिघडते, तोंड येते, आणि पुन्हा सुरू. आता तर डॉक्टर म्हणते की गोळ्या बदलून बदलून थकलो."

"पानी किती पेता?"

रश्मी पाकिटं परत पर्समध्ये भरायला लागली. मग म्हणाली, "शाळेत एकच बाथरूम आहे, त्याची चावी ऑफिसात. दरवेळी मागायला जायचं म्हणजे... मी सकाळी घरून निघाल्यावर संध्याकाळपर्यंत पाणीच नाही पीत."

धुरपताबाईनं तीन प्रश्न विचारले. तिन्हीला 'नाही' आलं. मग तिनं आपल्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात पुरचुंडी बांधली आणि बजावलं, "दवा अर्धी अन् पानी अर्धं. पानी नाई पेलं तं माही दवा नुसता काडीकचरा हाय."

रश्मीला बरं वाटलं. एकदा नाही, चांगले तीन महिने. धुरपताबाईला स्वतःला वाटायचं की त्यात सराट्याचा हात किती आणि पाण्याचा किती, हे कोण सांगणार. पण संक्रांतीनंतर रश्मी नारळ आणि साडी घेऊन आली, तिच्या पाया पडली, आणि अंगणात उभं राहून तिनं मोबाईलवर व्हिडिओ काढला. सराटा दाखवला, पळसाची फुलं दाखवली, धुरपताबाईला शेजारी उभं केलं. "तीन साल मी अँटिबायोटिक खाल्ल्या," ती मोबाईलकडे पाहून म्हणाली, "आता एकही नाही. बहनों, सुनो इस माँ की बात."

धुरपताबाई ते तीन प्रश्न सांगत होती. ते व्हिडिओत आलेच नाहीत. लांबला म्हणून रश्मीनं तेवढा भाग कापला होता.

हे धुरपताबाईला दुर्गेश्वरीनं सांगितलं. दुर्गेश्वरी गावची आशा सेविका, नात्यानं तिच्या दिराची सून. तिनं मोबाईलवर व्हिडिओ दाखवला तेव्हा धुरपताबाई आधी आपलं तोंड पाहून हसली आणि मग गंभीर झाली. "अवो, पन माह्या बोलन्याचं काय झालं?"

"कापलं, काकी."

"मंग परत जोडाले सांग तिले."

दुर्गेश्वरीनं फोन केला. रश्मी 'हो हो' म्हणाली. पण तोवर व्हिडिओ कुठल्या कुठे गेला होता. आमगाव, बालाघाट, राजनांदगाव, डोंगरगड, कुठून कुठून माणसं यायला लागली. धुरपताबाई प्रत्येकीला तीन प्रश्न विचारायची आणि दहातल्या चौघींना परत पाठवायची. परत जाणाऱ्या तिच्याकडे अशा बघत, जशी काही तिनं औषध लपवून ठेवलंय.

मार्चच्या मध्यावर मोहफूल गळायला लागलं. पहाटे टोपली घेऊन जंगलात जायचं, ऊन चढायच्या आत परतायचं. एके दिवशी धुरपताबाई आली आणि अंगणात मोहफूल पसरवत होती, तेव्हा फाटकाशी ऑटो थांबला. रश्मी उतरली. उतरली म्हणजे, ऑटोवाल्यानं हात धरून उतरवली. भर उन्हात तिनं स्वेटर घातला होता.

धुरपताबाईनं तिला खाटेवर बसवलं आणि कपाळाला हात लावला. हात चटकन मागे आला. तिनं रश्मीच्या पाठीवर, कमरेच्या वर उजवीकडे, मुठीनं हलकंच ठोकलं. रश्मी किंचाळली.

"कधीपासून?"

"परवापासून. आधी नुसती आग होती. तुमचं थोडं उरलं होतं, तेच उकळून घेऊन राहिली. ते संपत आलं म्हणून आली." तिचे दात वाजत होते. "जास्त द्या या वेळी, मावशी. जरा कडक द्या."

"डाक्टरले दाखवलं?"

रश्मीनं पर्समधून एक कागद काढला. धुरपताबाईला वाचता येत नव्हतं. पण त्यावर खाली खाली एकच अक्षर कितीतरी वेळा छापलेलं होतं, एवढं तिला दिसलं.

"लघवीचा रिपोर्ट आहे. इतक्या औषधांची नावं आहेत आणि सगळ्यांसमोर आर. आर म्हणजे चालत नाही. गोळीचं एकही औषध चालत नाही म्हणे. भरती व्हा, दहा दिवस सुई घ्या, सकाळ-संध्याकाळ. माझ्या दिव्याची दहावी चालू आहे, मावशी. सोमवारचा पेपर आहे तिचा, गणिताचा. मी दहा दिवस कशी पडू? आणि एवढी औषधं चालली नाहीत, तर ती सुई तरी कशावरून चालेल?"

"डाक्टर म्हनते ना चालते म्हनून?"

"म्हणते. प्रत्येक वेळी म्हणते."

धुरपताबाई तिच्या शेजारी बसली. बोलायचं ते ती शेकडो बायांना बोलली होती, पण त्यातली एकही तिच्यावर इतका जीव लावून बसली नव्हती. शेवटी ती म्हणाली, "बाई, हे माह्या हातचं नाई."

"काऊन नाही? तेव्हा होतं ना?"

"तेव्हा आग खाली होती. आता वर चढली, मूत्रपिंडात गेली. सराटा तिथपर्यंत नाई पोचत."

"तुम्ही प्रयत्न तर करा."

"नाई."

"मी एवढ्या दुरून आली."

"मले समजते. तरी नाई."

रश्मी रडायला लागली. अंगात ताप असलेलं माणूस रडतं तशी, आवाज न करता, नुसतं पाणी गळत होतं. "सगळ्यांनी हात वर केले," ती म्हणाली. "आता तुम्ही पण."

धुरपताबाईनं शेजारच्या पोरीला दुर्गेश्वरीकडे पाठवलं. दुर्गेश्वरी आली, तिनं ताप पाहिला आणि एकशेआठला फोन लावायला मोबाईल काढला. रश्मीनं तिचा हात धरला. "नको. मला इथे कुठे भरती नाही व्हायचं. माझा डॉक्टर गोंदियात आहे."

दुर्गेश्वरीनं धुरपताबाईला मोहफुलांच्या पलीकडे नेलं आणि हळूच म्हणाली, "काकी, तू हो म्हन ना. दे एक पुरचुंडी. म्हन का हे भरती होऊन सुईसंगच घ्या लागते, नाई तं गुन येत नाई. तुह्या शब्दावर ती जाईन."

धुरपताबाईनं मान हलवली.

"काऊन? काय बिघडते?"

"उद्या सुईनं बरी होईन अन् मोबाईलात सांगीन का धुरपताबाईच्या दव्यानं ताप उतरला. मंग तापवाल्या सगळ्या इथंच येतीन. त्याहिले कोन सुई देईन? मी?"

धुरपताबाई खाटेकडे परत आली आणि रश्मीचे दोन्ही हात धरून म्हणाली, "मी तुमाले दवा देत नाई, हे तुमच्या भल्यासाठी हाय. घरी नोको जाऊ. सरळ डाक्टरकडे जाय." आयुष्यात पहिल्यांदा ती या शहरातल्या बाईला एकेरी बोलली होती.

"जाते," रश्मी म्हणाली. "सरळ डॉक्टरकडेच जाते."

ती तांब्याभर पाणी प्यायली, त्यातलं अर्धं ओकली. घरच्यांचा नंबर दुर्गेश्वरीनं मागितला तर म्हणाली, "मी गाडीत बसल्यावर त्यांना फोन करते, ते स्टेशनवर येतील." दुर्गेश्वरीनं तिला स्कूटीवर मागे बसवून सालेकसा स्टेशनवर नेलं आणि गोंदियाच्या गाडीत बसवून दिलं. परत येऊन तिनं तसं सांगितलं, तेव्हा धुरपताबाई उरलेलं मोहफूल पसरवायला लागली. पण तिचं लक्ष कामात नव्हतं.

दुसऱ्या दिवशी रश्मीचा फोन लागला नाही. तिसऱ्या दिवशीही बंद.

चौथ्या दिवशी दुपारी एक माणूस मोटारसायकलवर आला. पन्नाशीचा, दाढी वाढलेली, शर्टाची बटणं वरखाली लागलेली. त्यानं फाटक लावलं नाही, चपला काढल्या नाहीत. अंगणाच्या मधोमध येऊन त्यानं खिशातून एक फडकं काढलं आणि धुरपताबाईसमोर धरलं.

"हे तुमचं ना?"

तिच्याच निळ्या लुगड्याचा तुकडा होता. गाठही तिचीच, ती अशीच दुहेरी मारायची.

"माहंच हाय. पन..."

"काय पाजलं तुम्ही तिले?" तो ओरडला. "माही बायको कालपासून बेहोश आहे! डॉक्टर म्हणते किडनी बंद पडली! काय टाकलं होतं यात?"

हा देवानंद, रश्मीचा नवरा. धुरपताबाईनं त्याला बसायला सांगितलं, तो बसला नाही. तिनं सांगायला सुरुवात केली, की ही पुरचुंडी हिवाळ्यातली आहे, तीन दिवसांआधी ती आली तेव्हा आपण काहीच दिलं नाही, उलट दवाखान्यात जा म्हणून हात धरून सांगितलं. तो ऐकत होता, पण ऐकल्यासारखं त्याच्या तोंडावर दिसत नव्हतं.

"ती मले म्हणाली, मावशीची दवा चालू आहे. घरी आल्या आल्या म्हणाली. मावशीनं सांगितलं, दोन दिवसांत उतरते. मी भरती करतो म्हटलं तं म्हणाली, मावशीची दवा चालू असताना सुई नाही चालत. दिव्याचा पेपर होईतो थांबा. दोन दिवस ती गोखरू उकळून पीत राहिली. हे संपलं तं बाजारातून पावडर आणली. अन् आता तुम्ही म्हणता, दिलंच नाही?"

रश्मी खोटं बोलली होती. तिच्या नावावर, तिच्या तोंडचे म्हणून शब्द बनवून ती नवऱ्याशी खोटं बोलली होती. ते या माणसाला सांगायचं तरी कसं? बायको तिकडे बेशुद्ध, आणि तिला खोटारडी म्हणायचं?

"माहं चुकलं," ती एवढंच म्हणाली. काय चुकलं, ते तिनं सांगितलं नाही आणि त्यानं विचारलंही नाही.

"डॉक्टरले पाहिजे की काय काय घातलं त्यात," देवानंद म्हणाला. त्याचा आवाज आता बसला होता. "लिहून द्या."

"मले लिवता नाई येत. मी येतो संगं."

ती दुर्गेश्वरीला घेऊन संध्याकाळच्या गाडीनं गोंदियाला गेली. पिशवीत ओला सराटा मुळासकट घेतला होता. या वेळी उपटताना तांदूळ टाकायचं तिच्या ध्यानातच राहिलं नाही. दवाखान्यात दोघी एका बाकावर बसल्या. शेजारी शाळेच्या गणवेशातली एक मुलगी पुस्तक उघडं ठेवून बसली होती, पान उलटत नव्हती. ही दिव्या असावी, हे धुरपताबाईनं ओळखलं. मुलीनंही तिला ओळखलं असावं, व्हिडिओतून. ती उठली आणि दुसऱ्या बाकावर जाऊन बसली.

डॉक्टर तरुण होता. त्यानं सराटा हातात घेऊन पाहिला, फोनवर कुणाशी तरी बोलला, आणि धुरपताबाईला आत बोलावून म्हणाला, "याच्यानं किडनी गेली असं मी म्हणणार नाही, आजी. याच्यानं काही झालं नाही. ना चांगलं, ना वाईट. तीन दिवस गेले, त्यानं झालं. जंतू लघवीतून रक्तात गेले."

"मंग आता सुई द्या ना."

"चालू आहे. जी एक उरली होती ती चालू आहे." त्यानं डोळे चोळले. "तीन वर्षं तिला एकामागून एक गोळ्या मिळाल्या. कधी माझ्याकडून, कधी दुसऱ्याकडून, कधी सरळ मेडिकलमधून. जंतू शिकत गेले. आता आमच्याकडे फारसं काही राहिलेलं नाही."

एवढा शिकलेला माणूस धुरपताबाईसारखंच बोलत होता. आपल्या हातात नाही तर यांच्या हातात आहे, या एका भरवशावर तिनं आजवर बायांना परत पाठवलं होतं.

ती रात्र दोघींनी दुर्गेश्वरीच्या बहिणीकडे काढली. सकाळी दवाखान्यात गेल्या तर रश्मीनं डोळे उघडले होते. मशीनवर रक्त धुतल्यावर शुद्ध आली, असं नर्सनं सांगितलं. देवानंद आधी आत सोडायला तयार नव्हता. पण रश्मीनंच विचारलं होतं, "मावशी आली का?" त्यानं तोंड फिरवून बाजूला होत वाट दिली.

रश्मीचं तोंड सुजलं होतं, ओठ फुटले होते. गळ्यापाशी नळी होती. धुरपताबाई पायथ्याशी बसली आणि तिच्या पायाला हात लावला. पाय गार होते.

"मावशी," रश्मी म्हणाली. आवाज इतका बारीक की धुरपताबाईला वाकावं लागलं. "तेव्हा दिलं असतं तर ही पाळी नसती आली."

धुरपताबाईनं मान वर केली. खोलीच्या दारात देवानंद उभा होता. त्याला ऐकू गेलं नव्हतं. तिला वाटलं, बाई, हे जरा मोठ्यानं बोल. तुझ्या नवऱ्याला ऐकू दे की मी दिलं नव्हतं. मग तिला स्वतःचीच लाज वाटली.

"आता तरी द्या," रश्मी म्हणाली. "तुम्ही आणलं आहे ना? नर्सला नाही सांगणार मी."

"नाई बाई."

"थोडं. माझ्यासाठी."

धुरपताबाईला तिचं ते सुजलेलं तोंड बघवेना. नवऱ्याच्या लेखी तिनं दिलं म्हणून हे झालं, बायकोच्या लेखी तिनं दिलं नाही म्हणून झालं. आणि दुर्गेश्वरी म्हणाली होती तसं, खोटं बोलून एक पुरचुंडी हातावर ठेवली असती, तर कदाचित यातलं काहीच झालं नसतं. ते दुर्गेश्वरी नंतर कधी बोलून दाखवणार नव्हती. धुरपताबाई मात्र रोज ऐकणार होती. ती पाय चोळत राहिली. नर्सनं वेळ संपली म्हटलं तेव्हा उठली.

रश्मी जगली. दीड महिन्यानं घरी आली. पण मूत्रपिंडं पूर्ण जागेवर आली नाहीत. आठवड्यातून दोनदा मशीनवर जावं लागतं आणि प्यायचं पाणी मापून दिलेलं असतं. दिव्याचे दोन पेपर राहिले, ते तिनं जुलैत दिले. व्हिडिओ काढून टाक म्हणून दुर्गेश्वरीनं दिव्याला फोन केला होता. दिव्यानं आईच्या मोबाईलवरून काढलाही. पण तोवर तो दुसऱ्या कितीतरी लोकांनी आपापल्या नावानं टाकला होता. एकानं त्यावर गाणं लावलं होतं.

माणसं येतच राहिली. धुरपताबाईनं औषध देणं बंद केलं. तापवालीला नाही, बिनतापवालीलाही नाही. शिंकाळं काढून तिनं आत ठेवलं. लोक चिडायचे, भाव खाते म्हणायचे, एकजण शिव्या देऊन गेला.

धानाच्या रोवणीच्या दिवसांत पलीकडच्या घरातली गुंजन आली. नवीन लग्न झालेली, एकोणीस वर्षांची. दिवसभर चिखलात वाकून रोवणा, आडोसा नाही म्हणून पाणी नाही. ती भिंतीला टेकली आणि मान खाली घातली. धुरपताबाईला कळलं. न राहवून तिनं तीन प्रश्न विचारले. तिन्हीला 'नाही' आलं.

"उपकेंद्रात जाय," धुरपताबाई म्हणाली.

"सिस्टर लसीच्या ड्युटीवर हाय, काकी. सोमवारी येते म्हने. आज तं गुरुवार. लयच आग होऊन राहिली." गुंजनच्या डोळ्यात पाणी आलं. "तुह्याजवळ हाय ना?"

धुरपताबाई आत गेली. सराटा होता, पळसाची फुलंही होती, डब्यात. तिनं डबा उचलला. या पोरीला रात्रीतून थंडी वाजली तर? सकाळी हिचा नवरा अंगणात उभा राहिला तर? आणि नाही दिलं, आणि ही सोमवारची वाट बघत बसली तर? डबा हातात घेऊन ती किती वेळ उभी होती, ते तिला कळलं नाही.

बाहेर येताना तिच्या हातात नुसता पाण्याचा तांब्या होता.

"हे पे," ती म्हणाली. "अजून आनतो. पेत राहाय."

गुंजननं तांब्या घेतला आणि तिच्या मागे, घरात, पाहिलं. मग ती प्यायला लागली. धुरपताबाई दुसरा तांब्या भरायला हंड्याकडे वळली.